मोठ्या मासेमारी बोटीला जादा मोटार: निवडायची कशी, बसवायची कशी

कोल्हापुरात बोटीला जादा मोटार घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती एचपीची घेऊ?” विहिरीवरच्या पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं एचपीत मोजायची आपली सवय. इथं मात्र एचपीचा प्रश्न बराच नंतर येतो, आणि इलेक्ट्रिक मोटार घेतली तर येतच नाही. आधी ठरवायचं ते काम. ही मोटार बोट एका जागी धरून ठेवणार, बोट हळू चालवणार, की मोठं इंजिन बंद पडलं तर घरी आणणार? तिन्ही कामं सारखीच चांगली करणारी मोटार अजून मी पाहिलेली नाही.

मोठी बोट म्हणजे इथं २० ते २५ फुटांची फायबरची, मागं ७५ ते १५० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेरून टांगलेलं इंजिन, असलेली बोट. आपल्याकडची हौशी मंडळी अशी बोट बहुधा मालवण, देवगड, विजयदुर्गच्या बाजूला ठेवतात, नाहीतर ट्रेलरवर घालून धरणाच्या पाण्यावर नेतात. दोन्हीकडची गरज वेगळी, म्हणून दोघांचा विचार सोबतच करू. आणि एक सुरुवातीलाच सांगतो: ही मोटार गळ किंवा नकली मासा मागं सोडून बोट हळू चालवण्यासाठी आहे. जाळं ओढायला ती नाही. तसा वापर केलात तर ती जळेल.

पायरी १: काम ठरवा, आणि मोटार लागतेच का ते बघा

बोट एका जागी धरून ठेवायला इलेक्ट्रिक मोटारीला तोड नाही. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसवलेली, जीपीएस असलेली मोटार बटण दाबलं की वारा आणि प्रवाह ओळखून स्वतःच वळते आणि बोट त्याच खडकावर उभी ठेवते. नांगर टाकायचा, काढायचा, अडकला म्हणून दोर कापायचा, हे सगळं टळतं. शिवाय आवाज नाही. उथळ पाण्यात माशाला बोटीची चाहूल लागू नये असं वाटत असेल तर हाच मार्ग.

हळू चालवायचं असेल तर ‘हळू’ म्हणजे किती ते बघा. जिवंत आमिष ओढायला ताशी ३-४ किलोमीटर पुरतात आणि तिथं इलेक्ट्रिक मोटार आरामात चालते. पण सुरमईसाठी नकली मासा ओढायचा तर बोट ५-६ नॉटनं, म्हणजे ताशी ९ ते ११ किलोमीटरनं पळवावी लागते. वजनदार बोटीवर इलेक्ट्रिक मोटार ताशी ५-६ किलोमीटरच्या पुढं जात नाही, कारण तिचा पंखा रेट्यासाठी बनवलेला असतो, वेगासाठी नव्हे. सुरमईच्या मागं लागणाऱ्यानं इलेक्ट्रिक मोटार घेतली तर ती नाळेवर शोभेला राहील.

घरी परत यायला पेट्रोलचं छोटं आउटबोर्डच पाहिजे. किनारा ८-१० किलोमीटर दूर, संध्याकाळचं वारं तोंडावर आणि मोठं इंजिन बंद, अशा वेळी बॅटरीवर भरवसा ठेवू नये.

माझं मत सरळ आहे. समुद्रात जात असाल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी पेट्रोलचं छोटं मशीन घ्या. धरणात किंवा खाडीत गळ टाकत असाल तर इलेक्ट्रिक घ्या, आणि दोन वल्ही बोटीत ठेवा.

पण त्याआधी एक फुकटची चाचणी करून बघा. शांत पाण्यात मोठं इंजिन गिअरमध्ये टाकून अगदी कमी आरपीएमवर ठेवा आणि मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहा. तुम्हाला हवा तेवढाच वेग मिळत असेल तर कदाचित काहीच घ्यायला नको. थोडा जास्त भरत असेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात उघडणारी कापडी छत्री, मागं बांधून तो उतरवता येतो. तिचा खर्च मोटारीच्या खर्चापुढं किरकोळ आहे.

पायरी २: बोट काट्यावर न्या

इलेक्ट्रिक मोटारीचा जोर पाउंड थ्रस्टमध्ये सांगतात. थ्रस्ट म्हणजे रेटा. १०० पाउंड थ्रस्ट म्हणजे साधारण ४५ किलोची ओढ. ढोबळ नियम असा की भरलेल्या बोटीच्या वजनाच्या किमान २ टक्के रेटा पाहिजे. समुद्रात किंवा वाऱ्याच्या पाण्यात ३ टक्के धरावा.

गोम आहे ती ‘भरलेल्या’ या शब्दात. कंपनी सांगते ते रिकाम्या हुलचं, म्हणजे बोटीच्या नुसत्या सांगाड्याचं वजन. आपल्या जिल्ह्यात उसामुळं वजनकाट्यांची वानवा नाही. डिझेल-पेट्रोल, बर्फाची पेटी, नांगर, दोर, सगळं भरून बोट ट्रेलरसकट काट्यावर घ्या. नंतर बोट पाण्यात उतरली की रिकामा ट्रेलर मोजा आणि वजाबाकी करा. माणसांचं वजन वर मिळवा. गळीत हंगामात काट्यावर ट्रॅक्टरची रांग असते, तेव्हा तो मोसम सोडून जा.

उदाहरण म्हणून २२ फुटी बोट घेऊ. हुल ९०० किलो, ११५ एचपीचं इंजिन १७५, दीडशे लिटर पेट्रोल ११० च्या आसपास, चार माणसं ३००, बर्फ आणि मासे ६०, नांगर-बॅटरी-सामान १००. एकूण १,६४५ किलो झाले. २ टक्क्यांनी ३३ किलो रेटा येतो, म्हणजे ७३ पाउंड. ३ टक्क्यांनी ४९ किलो, म्हणजे १०९ पाउंड. धरणासाठी ८० पाउंडाची मोटार चालेल, समुद्रासाठी ११० च्या आसपासची पाहावी लागेल.

हिशेबावर विश्वास नसेल तर मोजून बघता येतं. मित्राच्या बोटीनं तुमची बोट ताशी ४ किलोमीटरनं ओढून घ्या आणि मधल्या दोरात १०० किलोचा लटकता डिजिटल काटा लावा. त्यावर दिसेल तो तुमच्या बोटीला शांत पाण्यात लागणारा रेटा. आकडा बघून बरेच जण चकित होतात, कारण तो अपेक्षेपेक्षा कमी असतो. मग एवढी मोठी मोटार कशाला? वाऱ्यासाठी.

पायरी ३: वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. टप असलेल्या २२ फुटी बोटीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरा. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर अंदाजे साडेपाच किलोचा दाब येतो, ३० च्या वाऱ्यात १२-१३ किलोचा, ४० च्या वाऱ्यात २२-२३ किलोचा. आता तीच बोट वाऱ्याला आडवी झाली आणि बाजूचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर असलं, तर ३० च्या वाऱ्यातच ३४ किलोचा दाब बसतो. ८० पाउंडाच्या मोटारीचा पूर्ण जोर ३६ किलो. म्हणजे बोट आडवी झाली की मोटारीकडं शिल्लक काही राहत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. मोठ्या बोटीला मोटार नाळेवरच पाहिजे. नाळ ओढली की बोट वाऱ्याकडं तोंड करून राहते. मागच्या फळीवर लावलेली मोटार पिछाडी ढकलत बसते आणि नाळ वाऱ्यानं फिरते. १४-१५ फुटांच्या हलक्या होडीवर मागची मोटार ठीक. २२ फुटी बोटीवर मी ती लावणार नाही, स्वस्त असली तरी. दुसरं म्हणजे उंच टप, बाजूचे पडदे, छपरावर बांधलेलं सामान हे सगळं मोटारीला जड जातं. पडदे गुंडाळायची सोय असली तर गुंडाळा.

खाडीत ओहोटीची ओढ वेगळी मोजावी लागते. मोटारीचा कमाल वेग ताशी ६ किलोमीटर आणि ओढ ४ ची असेल, तर पूर्ण बॅटरी जाळून तुम्ही ताशी २ किलोमीटर पुढं सरकाल.

पायरी ४: १२, २४ की ३६ व्होल्ट

हा निर्णय आता जवळपास आपोआप होतो. १२ व्होल्टवर साधारण ५५ पाउंडापर्यंतच्या मोटारी मिळतात, २४ वर ८० च्या आसपास, ३६ वर १०० ते ११५. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन ब्रश नसलेल्या मोटारींनी ही सीमा थोडी पुसलीय. लोरन्सची घोस्ट २४ व्होल्टवर ९७ पाउंड देते आणि ३६ वर १२०. गार्मिनची फोर्स २४ वर ८० आणि ३६ वर १०० देते. ब्रशलेसला करंट कमी लागतो आणि आवाजही कमी असतो. किंमत अर्थातच वरची.

व्होल्ट वाढवायचं खरं कारण जोराइतकंच करंट हे आहे. १२ व्होल्टची ५५ पाउंडाची मोटार पूर्ण वेगावर ५० अँपिअर ओढते. २४ व्होल्टची ८० पाउंडाची ५६ च्या आसपास, आणि ३६ ची ११२ पाउंडाचीही ५२ च्या घरातच. तेवढ्याच करंटात दुप्पट जोर मिळतो, म्हणून वायर तेवढ्याच जाडीची चालते.

गतीचं नियंत्रण ‘व्हेरिएबल’ असलंच पाहिजे. पाच ठरलेल्या गतींच्या जुन्या पद्धतीच्या मोटारी कमी वेगावर वीज कॉइलमध्ये तापवून घालवतात. दिवसभर हळू चालणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

पायरी ५: दांडीची लांबी

इथं चूक झाली तर ती नंतर सुधारता येत नाही. पंखा कायम पाण्यात बुडालेला पाहिजे, त्याच्यावर किमान अर्धा फूट पाणी पाहिजे. लाटेवर नाळ उचलली गेली की आखूड दांडीचा पंखा हवा कापतो, खडखडतो आणि बोट जागा सोडते.

बोट पाण्यात असताना, नेहमीची माणसं आणि पेट्रोल भरून, नाळेवरच्या बसवण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत सरळ खाली माप घ्या. त्यात २२ इंच मिळवा. समुद्रासाठी आणखी १०-१२ इंच. आपल्याकडच्या फायबर बोटींची नाळ लाटा फोडण्यासाठी उंच असते. माप ३६ इंच आलं तर बेरीज ५८ होते: धरणात ६० इंची दांडी पुरेल, समुद्रात ७२ इंची घ्या. अंगणात ट्रेलरवर उभ्या बोटीचं माप घेऊन कोणी ऑर्डर देऊ नये, कारण पाण्याची रेषा तिथं कुठं आहे ते कळत नाही.

लांब दांडीची दुसरी बाजूही मोजा. ७२ इंची मोटार आडवी ठेवायला नाळेवर सरळ ६-७ फूट मोकळी जागा लागते. वाटेत दोर बांधायचा खुंटा किंवा रेलिंग असेल तर आधी कागदावर नकाशा काढा, मग पुठ्ठ्याचा साचा कापून नाळेवर ठेवून बघा.

पायरी ६: बॅटरी, जिथं खरा खर्च आहे

मोटारीसाठी पैसे साठवून बॅटरीत काटकसर करणारे खूप भेटतात. बॅटरी, चार्जर आणि वायर मिळून मोटारीच्या किमतीइतका किंवा जास्तही खर्च येऊ शकतो. बजेट ठरवताना तो पहिल्या दिवशीच धरा.

आधी एक गैरसमज. १०० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक, जोडल्या की २४ व्होल्ट १०० एएच मिळतात, २०० एएच नाहीत.

आता किती वेळ चालेल? पंख्याचा रेटा निम्मा केला तर लागणारी शक्ती निम्मी न होता साधारण ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे ८० पाउंडाची २४ व्होल्टची मोटार पूर्ण वेगावर ५६ अँपिअर ओढत असेल, तर अर्ध्या रेट्यावर २० च्या आसपास. १०० एएचच्या लिथियमची ८० टक्के वीज वापरायला हरकत नाही, म्हणजे अर्ध्या रेट्यावर ४ तास. तेवढ्याच लेड-ॲसिडची ५० टक्केच वापरावी. कागदावर अडीच तास येतात, पण जास्त करंट ओढला की लेड-ॲसिड आणखी कमी देते, म्हणून २ तास धरा. पूर्ण वेगानं तर दोन्हींचा खेळ लवकर आटोपतो.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी लावू का, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. चालते. पण एकेक ५० ते ६० किलोची, दोन झाल्या की बोटीत दीड माणसाचं वजन वाढलं. तिच्यावर लिहिलेले १५० एएच बहुधा २० तासांत हळूहळू काढले तरच मिळतात. ५० अँपिअरनं ओढलं तर बरेच कमी. शिवाय ती खोलीच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहायला बनवलीय. लाटेवर ॲसिड सांडतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि नाळेखालच्या बंद कप्प्यात तो साठला तर एका ठिणगीचा प्रश्न असतो. धरणाच्या सपाट पाण्यावर, बोटीच्या मध्यभागी, हवा खेळत्या पेटीत पट्ट्यांनी बांधून वापरायला मी हो म्हणेन. समुद्रात नाही.

लिथियम घ्यायची तर लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचीच. १२ व्होल्ट १०० एएचची १२-१३ किलोची असते. लेड-ॲसिड तेवढ्याच एएचची ३० किलोच्या आसपास. विकणाऱ्याला एकच प्रश्न नीट विचारा: बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट, सलग किती अँपिअर सोसतो? स्थानिक पातळीवर जोडून मिळणारे ई-रिक्षाचे पॅक दिसायला तेच, पण कमी अँपिअरचा बीएमएस असला तर मोटार पूर्ण वेगावर नेताच तो वीज तोडतो, आणि तेही बरोबर खडकाजवळ. १०० अँपिअरचा असावा. सिरीजमध्ये जोडायला परवानगी आहे का तेही विचारा, सगळ्यांना नसते. लेड-ॲसिड संपत आली की मोटार मंदावते आणि आपल्याला कळतं. लिथियम शेवटपर्यंत सारखी चालते आणि एकदम बंद होते. म्हणून शंट (गेलेला करंट मोजणारी पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर लावाच.

लिथियमला चार्जर तिच्यासाठीचाच पाहिजे. २४ व्होल्टच्या संचाला कमाल २९.२ व्होल्ट. २४ व्होल्ट २० अँपिअरचा चार्जर घरच्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि रिकामा १०० एएच संच ५-६ तासांत भरतो, म्हणजे रात्री लावला की पहाटे निघायला तयार. जोडलेल्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा दिवा किंवा फिशफाइंडर चालवू नका, दोन्ही असमान होतात. मोठ्या इंजिनाच्या स्टार्टची बॅटरी पूर्ण वेगळी ठेवा.

पायरी ७: वायर आणि ब्रेकर

बॅटऱ्या पिछाडीला आणि मोटार नाळेवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर होते. १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर ५० अँपिअरला जवळपास ०.७ व्होल्ट वाटेत जातात. १२ व्होल्टच्या मोटारीला तो ५-६ टक्क्यांचा फटका, २४ ला ३ टक्क्यांच्या आत. २५ स्क्वेअर एमएम घेतली तर बराच वाचतो. मी २५ चीच घ्यायला सांगतो.

लक्ष्मीपुरीत वायर घेताना वेल्डिंग केबल दाखवतील. मऊ असते, वळते छान. पण ती ॲल्युमिनियमचीही येते, म्हणून टोक खरवडून बघा. तांब्याची असली तरी कल्हई नसलेल्या तारा खाऱ्या हवेत हिरव्या पडतात. कल्हई केलेली मरीन वायर मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर प्रत्येक लग (वायरच्या टोकाचा धातूचा कान) हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह घाला. हातोड्यानं ठोकलेला लग चालत नाही, तो गरम होतो.

ब्रेकर ६० अँपिअरचा आणि डीसीचा, बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. घरातला एसीचा एमसीबी इथं लावू नका. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, एमसीबीच्या आतच ती जळत राहते. नाळेवरचा प्लगही ५०-६० अँपिअरचा असावा. सगळं जोडून झालं की डीसी मोजणारा टाँग टेस्टर घ्या आणि बोट धक्क्याला बांधून मोटार पूर्ण वेगावर दोन मिनिटं चालवा. करंट माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळ आला पाहिजे आणि कुठलाही लग हाताला चटका देता कामा नये.

पायरी ८: उद्यमनगरातून ब्रॅकेट

इथं कोल्हापूरकर नशीबवान. परदेशी मोटारींबरोबर येणारं ब्रॅकेट आपल्या अरुंद, उंच नाळेवर क्वचितच बसतं, आणि शिवाजी उद्यमनगरात ते दोन दिवसांत बनवून देणारे हात आहेत. फक्त सांगताना स्पष्ट सांगा: ३१६ स्टेनलेस. “साहेब, ३०४ पण गंजत नाही,” असं उत्तर मिळेल. रसायनांच्या टाकीला ते खरं असेल, समुद्राला नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात फरक पडतो तो त्यानंच. लोहचुंबक लावून हे कळत नाही. शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये स्पेक्ट्रोमीटर असतात. ओळख काढून पट्टीचा एक तुकडा तपासून घ्या.

बसवताना स्क्रू नकोत. डेकमधून आरपार बोल्ट, खालून १२ एमएमची मरीन प्लाय किंवा धातूची पट्टी, नायलॉक नट आणि सीलंट. फायबरच्या डेकमध्ये आत लाकूड किंवा फोम असेल तर भोकाच्या कडा इपॉक्सीनं बंद करा, नाहीतर पाणी मुरून डेक पोकळ होतो. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा तळ यांच्यात नायलॉनचे वॉशर टाका. जीपीएस मोटारीचा दिशादर्शक सेन्सर वेगळा मिळत असेल तर लोखंड, स्पीकर आणि जाड वायरपासून अर्धा मीटर तरी दूर लावा. जवळ असेल तर बोट एका जागी उभी राहायची सोडून गोल गोल फिरत बसते.

एक छोटी सूचना लेथवाल्याबाबत. पंख्याची पिन वाकली की तो जास्त कडक पोलादाची नवी करून द्यायला तयार असतो, प्रेमानं. करून घेऊ नका. पिन वाकायसाठीच असते. ती कडक केली की पुढचा दणका शाफ्टला बसतो. मूळ धातूच्याच दोन-तीन पिना जवळ ठेवा.

पायरी ९: पेट्रोलचं छोटं मशीन घेणार असाल तर

इथं एचपीचा प्रश्न आला, आणि उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लहान आहे. पाण्यावर न उचलली जाणारी बोट एका मर्यादेपलीकडं वेग घेत नाही. पाण्यातली लांबी २० फूट असेल तर ती मर्यादा ६ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्यापुढं जायला बोट पाण्यावर उचलली गेली पाहिजे आणि ते २५ एचपीलाही जमणार नाही. म्हणून ८ ते ९.९ एचपी पुरतात. भरलेली २४-२५ फुटी बोट असेल तर १५.

एचपीपेक्षा गिअर बघा. यामाहाच्या साध्या ९.९ चं गिअर गुणोत्तर २.०८ आहे, हाय थ्रस्ट टी९.९ चं २.९२. दुसऱ्याचा पंखा मोठा आणि सावकाश फिरतो, त्यामुळं जड बोट वाऱ्याविरुद्ध रेटायला आणि वळवायला तो फार बरा पडतो. हलक्या होडीसाठी बनवलेलं ९.९ मोठ्या बोटीला लावलं तर ते ओरडतं जास्त आणि ढकलतं कमी.

दांडी २० की २५ इंची ते ब्रॅकेटच्या उंचीवर ठरतं. लाटेत पिछाडी उचलली तरी पंखा पाण्यात राहिला पाहिजे, म्हणून शंका असेल तर २५. दोन्ही मशीन वळवून आणि उचलून एकमेकांना लागत नाहीत ना, ते ऑर्डरआधी पुठ्ठ्यानं तपासा. ४५-५० किलोचं वजन एका बाजूला येतं, तेव्हा बॅटरी दुसऱ्या बाजूला सरकवा.

आता पेट्रोल. पंपावर सध्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं आहे, अभिमानही आहे, पण आउटबोर्ड कंपन्यांची मर्यादा बहुधा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि तिथूनच पाइप पेट्रोल उचलतो. महिनोन्महिने न चालणाऱ्या जादा मशीनला याचा सगळ्यात जास्त त्रास. त्याच्या लाइनला पाणी वेगळं करणारा स्वतंत्र फिल्टर लावा, पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर कार्ब्युरेटर रिकामा करा. दर फेरीला परत येताना शेवटची दहा मिनिटं तरी हेच मशीन चालवा. अडीअडचणीसाठी जपून ठेवलेलं मशीन अडचणीतच सुरू होत नाही.

पायरी १०: पाणी आणि देखभाल

गंज रोखणारा ॲनोड पाण्याप्रमाणं बदलतो: समुद्रात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. बोट कधी धरणात, कधी खाडीत नेत असाल तर ॲल्युमिनियमचा ठेवा. ॲनोडला रंग लावू नका. समुद्रात वापरणार असाल तर मोटार खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या मालिकेतलीच घ्या. गोड्या पाण्याचं मॉडेल खाडीत नेलं तर वॉरंटीही जाते.

आपल्या नदी-तलावांत जलपर्णीचा त्रास ठरलेला. त्यासाठी पाती मागं झुकलेला, वीडलेस पंखा मिळतो. त्याहून घातक तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. पंख्यामागं गुंडाळलेला तंगूस सील कापतो, आणि मग पाणी सरळ मोटारीत. चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून मागं बघायची सवय ठेवा. समुद्रातून आलं की गोड्या पाण्यानं धुवा, पण प्रेशर पंप सीलवर मारू नका.

विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी लेखी मागा: वॉरंटी भारतात कोण निभावणार, कंट्रोल बोर्ड आणि फूट पेडल सुटे मिळतात का, आणि दुरुस्तीला मोटार कुठं पाठवायची. ओळखीच्यानं परदेशातून सामानात आणलेली मोटार स्वस्त पडते खरी, पण तिचा बोर्ड गेला की तुम्ही आणि ती मोटार दोघंच. बोटीचा विमा असेल तर नवीन मोटारीची नोंद करून घ्या. नोंदणीच्या कागदावर इंजिनांचा तपशील असतो, तिथंही विचारा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतल्या जलाशयात बोट घालायची तर वनखात्याची परवानगी आधी. इलेक्ट्रिक आहे, आवाज होत नाही, हे कारण तिथं चालत नाही. इतर धरणांतही मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडं असतो. त्यांना विचारूनच गळ टाका.

पायरी ११: घाट

हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, कारण ते बनवणाऱ्यांनी करूळ आणि फोंडा घाट पाहिलेले नसतात. नाळेवर आडवी ठेवलेली २५-३० किलोची मोटार प्रत्येक खड्ड्याला तिच्या ब्रॅकेटवर उसळते. दांडीखाली रबराचा टेकू द्या आणि दोन ठिकाणी रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा. एक पट्टी पुरत नाही. ब्रेकर बंद करा, प्लग काढा, रिमोट खिशात ठेवा, नाहीतर वाटेत चहाला थांबल्यावर कुणीतरी बटण दाबून बघतंच. पेट्रोलचं मशीन ट्रेलरवर सरळ उभं राहत असेल तर उभंच न्या. उचलून न्यायचं असेल तर त्याच्या लॉकवर भरवसा न ठेवता खाली लाकडाचा ठोकळा घाला. क्विक-रिलीज तळ असेल तर मी इलेक्ट्रिक मोटार काढून गाडीच्या डिकीत, जुन्या गादीवर ठेवायला सांगेन. घाट उतरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून ब्रॅकेटचे चारही नट पान्यानं एकदा दाबून बघा.